सेहेचाळीस किलोंच्या वर राहण्याची खटपट

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार शब्दशः साष्टांग समजावा. हल्ली अंगात भार म्हणून उरलेला नाही, त्यामुळे आडवी होऊन पुन्हा उठायला मला एका हाताचा टेकूही लागत नाही.) तुमचे गुडघे काय म्हणतात? डावा एकटाच कुरकुरतो, की उजव्यानेही त्याच्या सुरात सूर मिसळला? चौतीस वर्षं बसमध्ये उभ्या राहून लोकांची तिकिटं तपासलीत, त्याची वसुली आता ते करणारच. तुम्ही निवृत्त झालात तरी जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला अजून 'कुठे चाललात?' म्हणून अडवता, असं तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कळवलं. (त्या तक्रार करत नव्हत्या. जिना पूर्वीपेक्षा स्वच्छ राहतो म्हणाल्या.) पत्र लिहायला कारण असं काहीच नाही. कारण काढून पत्रं लिहितात ती गरजवंत माणसं. मी आपली बसल्या बसल्या चार ओळी खरडते आहे.

इकडे आम्ही दोघंही मजेत आहोत. तुमच्या भावाची तब्येत ठणठणीत आहे, दिवसभर मशीनवर असतात, तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे पूर्वीइतकंच बोलतात, म्हणजे 'हं'. पडद्यांची कामं भरपूर आहेत. माझं म्हणाल तर दोन बातम्या आहेत, एक चांगली आणि दुसरी तिच्याच पोटची. चांगली आधी सांगते.

माझं दुकान तुम्ही पाहिलं आहेच. खाली दुकान, वर आम्ही. वडिलांनी पन्नास वर्षं वजनकाटे दुरुस्त केले आणि मग ते टेबल माझ्या हाती दिलं, आणि तेव्हापासून त्या टेबलावर उघडलेला काटा कायम दिसायचा, मिटलेला कधीच नाही. एक काटा उघडायचा, त्याचा स्क्रू शोधायला खण ओढायचा, खणात दुसऱ्याच काट्याचं झाकण सापडायचं, मग तो दुसरा काटा खाली काढायचा, एवढ्यात दूध उतू गेल्याचा वास यायचा म्हणून वर धावायचं, वर गेल्यावर कळायचं की दूध गॅसवर ठेवलंच नव्हतं, ते अजून आणायचं आहे, म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडायचं, आणि परत यायचं ते दोन बल्ब आणि एक कंगवा घेऊन. हे सगळं तुम्ही बघत आलात. (बघितलंतच नव्हे, बोललातही.) तर चार महिन्यांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी मला नीट तपासून सांगितलं की बाई, तुम्ही आळशी नाही, वेंधळ्या नाही, तुमचं लक्षच एका जागी बसत नाही, आणि त्याला औषध आहे. रोज सकाळी एक गोळी. चव्वेचाळीसाव्या वर्षी, वन्सं! शाळेत बाकावर उभी राहायचे तेव्हा ही गोळी कुठे होती?

गोळी सुरू केली आणि नऊ दिवसांत अकरा काटे मिटले. अकरा! तपासले, सील लावलं, गिऱ्हाइकांच्या घरी पोचते केले. पाववाल्याच्या हातात मी त्याचा काटा ठेवला तर तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याने तो दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकला होता आणि आता त्याच्या दुकानात दुसरा होता. मी मात्र घरी येऊन रिकाम्या टेबलावर हात फिरवला आणि ढसाढसा रडले. तुमचे बंधुराज धावत खाली आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही हो, संपलं काम. त्यांना वाटलं दुकान बुडालं.

आता दुसरी बातमी. ही गोळी लक्ष आणते आणि जाताना भूक घेऊन जाते. इतरांच्या पोटात कावळे ओरडतात. माझ्या पोटातले कावळे बिऱ्हाड मोडून कुठेतरी निघून गेले, पत्ताही ठेवला नाही. दुपारचे दोन वाजतात, तीन वाजतात, पोट अगदी गप्प. ताटाकडे बघितलं तर दुसऱ्या कुणाचं तरी ताट चुकून आपल्यापुढे आलंय असं वाटतं. घास तोंडात घोळतो, घोळतो, आणि गिळण्याचं काही त्याच्या मनात येत नाही. मी, वन्सं! मी! ज्या बाईला लग्नाच्या पंक्तीत वाढपी टाळून जायचे, तिची ही गत. चार महिन्यांत सात किलो उतरले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवून स्पष्ट सांगितलं की दर महिन्याला वजन करायचं आणि काटा सेहेचाळीसच्या खाली गेला की गोळी बंद. त्यात त्यांची चूक काही नाही. पण गोळी बंद म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. पुन्हा ते टेबल, पुन्हा तो खण, आणि मी जन्मभर दोन बल्ब आणि एक कंगवा घेऊन परत येणार. त्यापेक्षा मी खाईन, म्हटलं. खाण्यात काय मोठंसं? जगात सगळे खातात.

दवाखान्यातच एक आहाराच्या बाई बसतात. मी त्यांना कॅलरीबाई म्हणते. (तोंडावर नाही.) बाई फार गोड, बोलतात हळू, पण हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, भूक लागेल म्हणून वाट बघू नका, ती येणार नाही, घड्याळ लावून जेवा. सकाळी गोळी घ्यायच्या आधीच पोटभर खाऊन घ्या. ताटभर ढीग बघून जीव दडपत असेल तर थोडं थोडं सहा वेळा खा. थोडक्यात जास्त कॅलरी जातील असं निवडा, म्हणजे भातात लोणी कालवा, सुपात दुधाची पावडर ढवळा, पावावर शेंगदाण्यांचं लोणी फासा, आणि चावायचा कंटाळा आला तर दूध-केळं घोटून पिऊन टाका. किती साधं आहे बघा. कुठल्याही साध्या माणसाला हे सहज जमलं असतं.

पण त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं, 'भात २०० ग्रॅम'. आता तुम्हीच सांगा, दोनशे ग्रॅम म्हटल्यावर मी काय अंदाजाने घेणार? पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातला काटा काढला, त्यावर वाटी ठेवली, भात घातला, दोनशे झाले. मन मानेना. हा काटा बरोबर आहे कशावरून? खाली जाऊन प्रमाणित वजनं आणली (म्हणजे ज्यांच्यावरून बाकीचे काटे तपासतात ती, मखमलीच्या पेटीतली, त्यांना उघड्या हाताने शिवायचंसुद्धा नसतं), ठेवून पाहिलं, तर काटा सहा ग्रॅम जास्त दाखवत होता! माझ्या स्वतःच्या घरात! वजनकाटेवालीच्या! मग काय, काटा उलटा केला, चार स्क्रू काढले, आत कधीकाळी सांडलेला साखरेचा पाक होता तो पुसला, पट्टी सरळ केली, पुन्हा तपासला, समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा तपासला. गोळीमुळे लक्ष असं लागलं होतं की मान वर केली नाही. तुमचे बंधुराज चार वाजता चहाला वर आले तेव्हा काटा आरशासारखा लखलखत होता आणि शेजारी भात दगड होऊन बसला होता. बरोबर एकशे चौऱ्याण्णव ग्रॅम.

घड्याळाचं म्हणाल तर सहा गजर लावले. पहिले दोन दिवस गजर झाला की मी उठायचे, खायचे. तिसऱ्या दिवसापासून माझा हात आपोआप जाऊन गजर बंद करायला लागला, आणि मला पत्ताच नाही. मग यांनी एक युक्ती काढली. हे काही बोलत नाहीत हो, पण बोलत नाहीत म्हणून गप्प बसतात असंही नाही. उरलेल्या कापडाच्या नाडी ओढायच्या छोट्या पिशव्या शिवल्या आणि त्यात बदाम, शेंगदाणे, मनुका भरून दुकानात जिथे जिथे माझा हात जातो तिथे टांगून ठेवल्या, दिव्याच्या दांड्याला, खणाच्या मुठीला, पक्कडीच्या खिळ्याला. पक्कड घ्यायला जावं तर हातात बदाम! दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी सोनारकाम करणाऱ्या एका बाईंचा नाजूक काटा परत गेला आणि तासाभरात बाई परत आल्या. काट्याच्या आत अर्धा शेंगदाणा होता. त्या बाईंनी तेवढ्या वेळात एक अंगठी तोलली होती, आणि त्या अंगठीचं वजन ऐकून गिऱ्हाईक खूश होऊन गेलं होतं. मी माफी मागितली, अर्धा शेंगदाणा खाल्ला (टाकते कशाला, तीन कॅलरी तरी होत्याच) आणि पिशव्या उतरवल्या.

घोटून प्यायच्या दुधाचं तर बोलूच नका. यांनी त्यात केळं, शेंगदाण्यांचं लोणी, दुधाची पावडर, ओट आणि कॅलरीबाईंच्या परवानगीने एक चमचा तेल असं सगळं घातलं, कारण 'थोडक्यात जास्त' हे त्यांना फार पटलं होतं. पेला उलटा केला तरी खाली येईना. चमच्याने खाल्लं. चमचा त्यात उभा राहिला, वन्सं, शिस्तीत, पोलिसासारखा. मी तो पेला एका दमात संपवायचा म्हणून दहाला बसले ते साडेबाराला उठले. आणि या सगळ्या काळात हे दर रविवारी मला समोर उभी करून माझ्या कपड्यांच्या शिवणी आत घेत होते. बोलणं काही नाही. टाचणी लावायची, बोट फिरवायचं, 'हं' म्हणायचं, पुढची टाचणी. आधी बोटभर, मग दोन बोटं, मग चार. शेवटच्या रविवारी टाचण्या लावून झाल्यावर ते तसेच गुडघ्यावर बसून राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आता आत घ्यायला कापड उरलं नाही.

असो. मागच्या महिन्यात दवाखान्यात माझं वजन भरलं सत्तेचाळीस पूर्णांक दोन. जीव भांड्यात पडला. पुढचं वजन गुरुवारी. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, मंगळवारी सकाळी, माझ्या दुकानात काय येऊन उभं राहावं? दवाखान्यातला काटा! तोच, ज्यावर मी दर महिन्याला उभी राहते. परिचारिका हातगाडीवरून घेऊन आली. 'ताई, हा मधेच शून्यावर येत नाही, गुरुवारपर्यंत द्या, गर्दीचा दिवस आहे.' मी म्हटलं ठेव. ती गेली. मी मोठी वजनं काढली, वीस, पुन्हा वीस, पाच आणि एक, असे बरोबर सेहेचाळीस किलो लोखंड त्यावर चढवलं. काट्याने दाखवलं सत्तेचाळीस पूर्णांक पाच.

तुमच्या लक्षात आलं का? तो दीड किलो जास्त दाखवत होता. म्हणजे मागच्या महिन्यात मी सत्तेचाळीस नव्हतेच, पंचेचाळीस पूर्णांक सात होते! सेहेचाळीसच्या खाली आधीच जाऊन बसले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मी स्टुलावर मटकन बसले. समोर काटा, हातात पेचकस, दुकानात चिटपाखरू नाही. काही करायचंही नव्हतं हो! नुसतं न करायचं होतं. 'सुटा भाग मिळत नाही, पुढच्या महिन्यात बघू' म्हणून तसाच परत द्यायचा. पूर्वीची मी असते तर हे पाप माझ्या हातून आपसूक घडलं असतं, काटा उघडून ठेवला असता, कंगवा आणायला गेले असते आणि गुरुवार उलटून गेला असता. पण सकाळची गोळी पोटात होती. हातांनी काटा उघडला, दोष शोधला, दुरुस्त केला, वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, झाकण लावलं आणि सील मारलं, आणि मी शेजारी बसून 'अगं थांब, अगं थांब' म्हणत होते. दीड तासात काम फत्ते. जी गोळी वाचवायची तिनेच माझा गळा कापला. वडील म्हणायचे काट्याला नातलग नसतात. त्यांना म्हणायला काय जातं, ते ब्याऐंशी किलोंचे होते.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. तोंडात टाचण्या होत्या. म्हणाले, 'हं.' मला राग आला, वन्सं, खरं सांगते. माणसाचा जीव जातोय आणि हे टाचण्या चघळतायत! पण बुधवारी त्यांनी एक नवा लांब स्कर्ट माझ्यापुढे धरला. जुने कमरेवर राहत नव्हते, म्हणून नवा शिवला, म्हणे. गडद निळा, घेरदार, कमरेला रुंद पट्टा, दोन बटणं आणि वर हूक. असा सुंदर पडत होता त्याचा घेर! चालताना जराही उडत नव्हता. तेवढंच वाटलं की पाय जड झालेत. म्हटलं, अशक्तपणा, दुसरं काय.

गुरुवारी दवाखान्यात गेले तर तिथे आनंदीआनंद. माझ्या दुरुस्तीमुळे सकाळपासून आलेला प्रत्येक माणूस दीड किलोने हलका भरत होता. वजन उतरवायला आलेला एक जाडजूड माणूस कॅलरीबाईंचे हात हातात घेऊन आभार मानत होता आणि त्या बिचाऱ्या गोंधळून 'तुमचीच मेहनत' म्हणत होत्या. माझा नंबर आला. मी चपला काढल्या, डोळे मिटले आणि चढले. परिचारिकेने वाचलं, सत्तेचाळीस पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, वा, अगदी मागच्याइतकंच, छान टिकवलंत.

इथे कुठलीही शहाणी बाई 'थँक्यू' म्हणून खाली उतरली असती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्याइतकंच? कसं शक्य आहे? मागचा आकडा खोट्या काट्याचा आणि हा माझ्या हाताने नीट केलेल्या, माझं सील लावलेल्या काट्याचा! दोन्ही एकच कसे येतील? म्हणजे माझी दुरुस्ती चुकली! मी डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं की हा काटा चुकीचं दाखवतोय, मी इतकी भरूच शकत नाही. त्या म्हणाल्या, अहो पण चांगलं आहे ना. मी म्हटलं, काय चांगलं आहे, माझ्या सीलची अब्रू जातेय! आणि पर्समधून एक किलोचं वजन काढलं (ते मी नेहमी जवळ बाळगते, बायका छत्री बाळगतात तसं) आणि काट्यावर ठेवलं. एक किलो. बरोब्बर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी असं दोन्ही हातांनी दाखवत होते. मग काट्याच्या खाली काही अडकलंय का बघायला मी गुडघे टेकून वाकले आणि माझ्या स्कर्टची कड काट्याच्या लोखंडी पायाला लागली. ठण्ण!

परिचारिकेने वाकून स्कर्टची कड उचलली. उलटी केली. पडदे सरळ लटकावेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या घालतात ना, वन्सं, तशा चकत्या! चोवीस! साठ-साठ ग्रॅमच्या, प्रत्येक वेगळ्या घरात बसवलेली, आणि टाके इतके बारीक की बाहेरून शोधून सापडू नयेत. माझ्या हाताला पाच ग्रॅमचा फरक कळतो, आणि जवळजवळ दीड किलो शिसं कमरेला बांधून मी दोन जिने चढून आले तरी मला कळलं नाही. काचेच्या दारापलीकडे तुमचे बंधुराज उभे होते आणि भिंतीवरचा 'हात स्वच्छ कसे धुवावेत' हा तक्ता परीक्षा असल्यासारखा वाचत होते.

त्यांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय आहे? त्या दिवशी त्यांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे पळवाट नव्हती. मान खाली घालून म्हणाले, 'मी पडद्यांचं काम करतो. वाऱ्याने उडून जाईल असं वाटलं की खाली वजन लावायचं. मला तेवढंच येतं.' डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर नुसती भिंत आहे. मी हसू की रडू या विचारात असताना माझं दोन्ही एकदम सुरू झालं आणि मग जरा डोळ्यांपुढे अंधारी आली, यांनी धरलं, खुर्चीवर बसवलं, परिचारिकेने हातात बिस्कीट दिलं. खाल्लं नाही. धरून बसले.

मग परिचारिकेचा हलका झगा घालून पुन्हा वजन केलं. पंचेचाळीस पूर्णांक आठ. मी लगेच मुद्दा मांडला की मागचं खरं वजन पंचेचाळीस पूर्णांक सात होतं, म्हणजे महिन्याभरात मी वाढले आहे, शंभर ग्रॅम! डॉक्टरीणबाईंनी ते मान्य केलं. (काट्याचा दाखला मीच लिहून दिला होता ना.) शेवटी असं ठरलं की चार आठवडे गोळी चालू राहील. चार आठवड्यांनी, त्याच काट्यावर, यांनी न शिवलेल्या कपड्यांत, साडेसेहेचाळीस भरले पाहिजेत. म्हणजे सातशे ग्रॅम. नाही भरले तर गोळी बंद, मग रडायचं नाही. चकत्या त्यांनी परत दिल्या. यांनी त्या कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्याला लावल्यासुद्धा.

तर अशी आमची गंमत. तुम्ही मात्र मुळीच काळजी करू नका आणि इकडे यायची तसदी तर अजिबात घेऊ नका. आमचा जिना तुमच्या गुडघ्यांना झेपायचा नाही, घर लहान, बाहेरच्या खोलीतला सोफा मधे खचलेला आहे. सातशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, आमचं आम्ही बघून घेऊ. गुडघ्यांना शेक देत जा. जिन्यातल्या लोकांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काल रविवारी तुम्ही भावाला व्हिडिओ फोन केलात, तेव्हा यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. मी एकाच ताटापुढे पाऊण तास बसून होते, एकाच बटाट्याकडे बघत. तुम्हांला ते कुठून कळणार? तुम्ही बोलता बोलता माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, 'अगंबाई, ही अजून खातेच आहे का?' वन्सं, मस्तकात तिडीक गेली! खातेच आहे म्हणजे? माझ्या घरचं खाते! मी तुमच्या डोळ्यांत डोळे घालून तो बटाटा खाल्ला, मग दुसरा, मग दोन अंडी, लोणी फासलेले तीन पाव, आणि तुम्ही 'बाप रे' म्हणालात म्हणून वर वाटीभर भात. फोन ठेवल्यावर यांनी मोजलं. सातशे चाळीस कॅलरी. चार महिन्यांत एका बैठकीला एवढं गेलं नव्हतं. यांनी फोनच्या काचेवरून हात फिरवला, पुसायच्या निमित्ताने.

ता. क. २. तर आता स्पष्टच लिहिते. चार आठवड्यांसाठी या. सोफा मी दुरुस्त केला आहे (गोळी घेऊन, एका बैठकीत). जिना चढताना हे तुम्हांला धरतील, नाहीतर खुर्चीत बसवून वर आणतील. तुम्ही फक्त रोज माझ्या ताटासमोर बसायचं आणि बसमध्ये बिनतिकीट माणसाकडे बघायचात तसं बघायचं. 'अजून घेतेस?' 'तिसरा पाव का?' 'माझ्या भावाला पुरतं ना गं?' लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला तुम्ही यातलं एक वाक्य म्हणाला होतात, मला अजून पाठ आहे, आणि त्या दिवशी मी तुम्हांला दाखवायला म्हणून किती जेवले होते ते तुम्हांलाही आठवत असेल.

ता. क. ३. एक विनंती मात्र हात जोडून करते. इथे आल्यावर माझी हाडं बघून तुमचं मन द्रवेल, तेवढं होऊ देऊ नका. इकडे सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागतात, हे 'एकच घास' म्हणून चमचा धरतात आणि माझा गळा भरून येतो, आणि भरल्या गळ्यातून घास उतरत नाही हो. मला भीती वाटते, वन्सं. गोळी गेली तर मी पुन्हा अर्धवट राहीन, आणि गोळी राहिली तर मीच राहीन की नाही कोण जाणे. म्हणून शनिवारच्या गाडीने या. दार उघडल्याबरोबर मला वरपासून खालपर्यंत बघा, आणि माझ्याकडे कितीही बघवलं नाही तरी घट्ट आवाजात म्हणा, 'काय गं ही, खाऊन खाऊन नुसती सुटली आहे!' ते ऐकायला मी दारातच उभी असेन.